शिंग्रोबा, बलक आणि विचाराचं दुसरं टोक

समर्थक : दादा, माझं म्हणणं आधी सरळ मांडतो, मग तुम्ही हवं तेवढं उलटंपालटं करा. फ्रान्झ ब्रेंटानो यांनी 1874 साली मानसशास्त्रावरच्या आपल्या ग्रंथात एक खूण सांगितली. मनात जे जे घडतं ते कशाच्या तरी दिशेने असतं. दगड कशाबद्दल नसतो, पाऊस कशाबद्दल नसतो. राग मात्र कुणावर तरी असतो, आठवण कशाची तरी असते, भीती कशाची तरी असते. याला विषयोन्मुखता म्हणू. आता बोरघाटातला शिंग्रोबा घ्या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून वर चढताना ट्रकवाला देवळापाशी वेग कमी करतो, नाणं टाकतो, हात कपाळाला लावतो. त्याच्या मनात एक धनगर असतो, ज्याने इंग्रज साहेबाला घाटातली वाट दाखवली, बक्षीस विचारल्यावर देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि ज्याला गोळी घातली गेली. निदान सांगतात तरी असं. तो खरोखर होऊन गेला का, हा इतिहासाचा प्रश्न झाला. पण ट्रकवाल्याचा विचार त्याच्याबद्दल आहे, ही आजची आणि पक्की गोष्ट आहे. विचाराला विषय लागतो. तो विषय असलाच पाहिजे अशी मात्र अट नाही.

शंकाकार : शेवटची दोन वाक्यं तू एका दमात म्हणालास, पण ती एकत्र नांदतात का ते बघ. ‘च्याबद्दल’ हा संबंध आहे. संबंधाला दोन टोकं लागतात. बांध दोन शेतांमधला असतो. पलीकडे शेतच नसेल तर जे उरतं तो बांध नव्हे, नुसता मातीचा उंचवटा. तू म्हणतोस विचार पलीकडे जातो, आणि त्याच श्वासात म्हणतोस पलीकडे काही नसलं तरी चालेल. ब्रेंटानोंना ही अडचण दिसत होती. म्हणून 1874 च्या त्या ग्रंथात त्यांनी विषय मनाच्या आतच आहे असं म्हटलं, विचारात सामावलेला. पण मग ट्रकवाला नमस्कार कुणाला करतो? स्वतःच्या मनातल्या चित्राला? त्याला जाऊन विचार. तो सांगेल, चित्राला गोळी लागत नाही, माणसाला लागते.

समर्थक : तो बरोबरच सांगेल, आणि ब्रेंटानोंच्या शिष्यांनी नेमकी तिथेच दुरुस्ती केली. काझिमिएर्झ ट्वार्डोव्स्की यांनी 1894 साली विचाराचा आशय आणि विचाराचा विषय वेगळे काढले. आशय माझ्या डोक्यात असतो, तो माझ्याबरोबर जन्मतो आणि विरतो. माझा आशय वेगळा, तुमचा वेगळा. विषय मात्र आपल्या दोघांचा एकच असू शकतो. तसं नसतं तर आत्ता आपण शिंग्रोबावरून वाद घालूच शकलो नसतो. तुम्ही तुमच्या चित्राबद्दल बोलला असता आणि मी माझ्या. पुढचं पाऊल ग्रात्सच्या आलेक्सियुस माइनाँग यांनी 1904 साली टाकलं. ते म्हणाले, वस्तू कशी आहे आणि वस्तू आहे की नाही हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. सोन्याचा डोंगर कुठेही नाही, तरी तो सोन्याचा आहे. त्याचं असं असणं त्याच्या असण्यावर अवलंबून नाही. आता बघा, ‘शिंग्रोबा धनगर होता’ हे खोपोलीतलं पोरसुद्धा खरं म्हणेल आणि ‘शिंग्रोबा गोरा साहेब होता’ हे खोटं म्हणेल. एक खरं, एक खोटं. हा फरक कशामुळे पडला? दोन्हीकडे नुसता अभाव असता तर अभावाला धनगर काय आणि साहेब काय, दोन्ही सारखेच. ज्याच्याबद्दल एक विधान खरं आणि दुसरं खोटं ठरतं असं काहीतरी तिथे आहे. ते अस्तित्वात नसेल. पण विचाराचा विषय म्हणून आहे.

शंकाकार : फरक दंतकथेने पाडला. ‘गोष्टीत असं सांगतात की’ हे शब्द तू गिळलेस, म्हणून तुला तिथे माणूस उभा दिसतो. ते शब्द परत घाल, मग शिंग्रोबा लागत नाही; गोष्ट लागते, आणि गोष्ट खरोखर आहे. लोक ती सांगतात, आपण ती ऐकली आहे. बर्ट्रंड रसेलने माइनाँगला 1905 साली जे उत्तर दिलं त्याचा गाभा हाच होता. वाक्याचं व्याकरण पाहून जगात माणसं भरू नका, वाक्य फोडा. आणि फोडणं काही त्याने पहिल्यांदा केलं नाही. आपल्याकडे नैयायिक सशाच्या शिंगाचं हेच करत आले. ससा खरा आहे, शिंगही खरं आहे, गाईच्या डोक्यावर आहे. नाही तो फक्त दोघांचा संबंध. म्हणजे ज्याला तू एक अस्तित्वहीन वस्तू म्हणतोस ती वस्तूच नव्हे. दोन खऱ्या वस्तूंची चुकीची जोडणी आहे. बिमल कृष्ण मतिलाल यांनी रसेल आणि नैयायिक उदयनाचार्यांना समोरासमोर बसवलं ते उगाच नाही. शिंग्रोबाही तसाच फोड. धनगर खरे आहेत, घाट खरा आहे, साहेब खरे होते, गोळ्याही खऱ्या होत्या. एकत्र बांधणी तेवढी संशयाची आहे.

आणि माइनाँगचं तत्त्व पुरतं मान्य केलंस तर काय होतं ते ऐक. तो म्हणतो, जे गुण विचारात धरले ते विषयाला लागू असतात. ठीक. मी आता ‘खरोखर होऊन गेलेल्या शिंग्रोबा’चा विचार करतो. त्याच्या स्वरूपात खरोखर होऊन गेलेला असणं आलं. मग तुझ्या तत्त्वाने तो खरोखर होऊन गेला! कुठलं दप्तर नको, शिलालेख नको, साक्षीदार नको. बसल्या जागी विचार केला आणि इतिहास सिद्ध झाला. रसेलने हाच पेच टाकला होता, अस्तित्वात असलेल्या सोन्याच्या डोंगराचा. माइनाँगने उत्तर दिलं की अस्तित्वयुक्त असणं वेगळं आणि अस्तित्वात असणं वेगळं. रसेलला तो फरक समजला नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही समजत नाही.

समर्थक : तो घाव वर्मी आहे, मान्य. अस्तित्व हा बाकीच्या गुणांसारखा गुण नाही असं म्हणून निसटता येतं, पण मग कोणते गुण चालतात आणि कोणते नाहीत याची यादी मला करावी लागेल, आणि ती यादी सोयीची वाटेल. तो हिशेब उधार ठेवतो. पण तुमच्या फोडाफोडीतही काहीतरी हरवतं. ट्रकवाला ‘धनगरपण अधिक घाट अधिक गोळी’ असा विचार करत नाही. तो एकाला नमस्कार करतो. तुम्ही वाक्य फोडलंत तेव्हा खरंखोटं शाबूत राहिलं, पण विचाराचा रोख गेला. आणि विचार समजून घ्यायला निघालेल्या माणसाने विचाराचा रोखच टाकून द्यावा, हे मला पटत नाही.

मी तुम्हाला वेगळ्या जागी नेतो. राजमाचीच्या पायथ्याची कोंडाण्याची लेणी, आपल्या कर्जत तालुक्यातली. कोंढाणे गावातून चढून गेलं की समोर चैत्यगृहाचा दर्शनी भाग येतो. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचं काम. त्या कातळात काय कोरलंय ते नीट बघा. कमानीखाली लाकडी वाशांची टोकं पुढे आल्यासारखी, जाळीच्या खिडक्या, सुताराने खाचा पाडून बसवाव्यात तशा कठड्याच्या पट्ट्या, आणि मजल्यावर मजले असल्यासारखे सज्जे. यातलं काहीही छत पेलत नाही. डोंगरच छत आहे. कातळातला वासा वाशाचं काम करत नाही, तो वाशाबद्दल आहे. आता मला सांगा, ही कुठल्या इमारतीची प्रतिकृती? नेमक्या कुठल्याच नाही. अशी लाकडी घरं, प्रासाद असतील, पण हाच सज्जा असलेली एक अमुक इमारत कारागिराने बघून उतरवली असं कुणी म्हणत नाही. तरीही हे कोरीवकाम शून्याबद्दल आहे असं आपण म्हणतो का? त्याला रोख आहे. रोख आहे आणि दुसऱ्या टोकाला एकही ठरावीक वस्तू नाही. मला एवढंच म्हणायचं होतं, आणि ते इथे दोन हजार वर्षं उघड्यावर उभं आहे.

शंकाकार : तू मला कोंडाण्याला आणलंस हे बरं केलंस, कारण तिथला सगळ्यात चांगला साक्षीदार माझ्या बाजूचा आहे. चैत्याच्या तोंडाशी एका मोठ्या पुतळ्याचा भंगलेला अवशेष आहे. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ आहे. कान्हाचा शिष्य बलक याने हे केलं, एवढाच तिचा अर्थ. त्या माणसाबद्दल आपल्याला याहून जास्त काही माहीत नाही. त्याचं गाव, वय, चेहरा, काहीच नाही. ‘केलं’ म्हणजे स्वतः छिन्नी चालवली की पैसा देऊन करवलं, हेसुद्धा खात्रीने सांगता येत नाही. म्हणजे माझ्या मनातलं बलकाचं चित्र जवळजवळ पूर्ण चुकीचं असू शकतं. मी त्याला हातोडा घेतलेला कारागीर समजत असेन आणि तो निघायचा सावकार. तरी माझा विचार त्याच्याबद्दलच आहे. का? कारण त्याच्यापासून माझ्यापर्यंत एक खरी वाट आली आहे. त्याचं कृत्य, त्यामुळे कोरली गेलेली अक्षरं, ती वाचणारे पंडित, त्यांनी छापलेलं वाचन, आणि मग मी. सॉल क्रिप्के यांनी 1970 साली प्रिन्स्टनच्या व्याख्यानांत नावांबद्दल हेच दाखवलं. नाव माणसाला वर्णनामुळे चिकटत नाही, तोंडातून तोंडाकडे आलेल्या साखळीमुळे चिकटतं. वर्णन चुकलं तरी साखळी पोचवते. साखळी नसेल तर वर्णन कितीही भरघोस असलं तरी पोचवत नाही.

आता शिंग्रोबाची साखळी चाचपून बघ. कुणी म्हणतं त्याने रेल्वेची वाट दाखवली, कुणी म्हणतं रस्त्याची. दोन्हींत एका पिढीहून जास्त अंतर आहे. गव्हर्नर माल्कम यांच्या काळात घाटातला गाडीरस्ता 1830 साली खुला झाला. रेल्वेचं काम 1856 ला सुरू झालं आणि 1863 ला गाडी चढली. शिवाय वाट दाखवायची होती कुणाला? कार्ले, भाजे आणि तुझं कोंडाणे, ही सगळी लेणी सांगतात की कोकण आणि देश यांच्यामधली ये-जा दोन हजार वर्षांपूर्वीही चालू होती. लमाणांचे तांडे, सैन्य, व्यापारी सगळे या डोंगरातून गेले. मग साहेबाला अचानक एका धनगराशिवाय वाट सापडेना, हे मला गोष्टीसारखं वाटतं. बलकाच्या बाबतीत माहिती एका ओळीची आहे आणि माणूस पक्का आहे. शिंग्रोबाच्या बाबतीत गोष्ट भरपूर आहे आणि माणूस सापडत नाही. तू मात्र दोघांना एकाच रांगेत बसवतोस.

समर्थक : बैलांच्या तांड्याला लागणारी वाट आणि इंजिनाला लागणारी वाट एक नव्हे, दादा. बोरघाटात रेल्वेचा सगळ्यात खडा चढ 37 फुटांमागे 1 फूट आहे. आजसुद्धा पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या कर्जतला थांबतात, मागून बँकर इंजिनं लागतात, तेव्हा त्या वर जातात. तेवढाच चढ राखत डोंगराच्या कुशीकुशीने कुठून जाता येईल, कुठे ओढा अडवतो, कुठे कडा सुटतो, हे गुरं-मेंढरं घेऊन पावसाळा-उन्हाळा हिंडणाऱ्यालाच ठाऊक असणार. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्या माणसांनी स्थानिकांना विचारलं नसेल, हेच मला जास्त अशक्य वाटतं. पण हे झालं इतिहासाचं. तत्त्वज्ञानाचं बोलतो.

तुम्ही विचाराच्या विषयासाठी कारण मागता. बौद्ध तार्किक दिङ्नागांनी ‘आलंबनपरीक्षे’त तेच मागितलं होतं. विषय म्हणवून घ्यायचं तर दोन अटी पुऱ्या करा: ज्ञान त्याच्यामुळे उपजलं पाहिजे, आणि ज्ञानात त्याचा आकार दिसला पाहिजे. मग त्यांनी दाखवलं की बाहेरचं काहीच दोन्ही अटी पुऱ्या करत नाही. परमाणूंमुळे ज्ञान होतं पण परमाणू दिसत नाहीत. ढीग दिसतो पण तो, डोळ्यात दोष असलेल्याला दिसणाऱ्या दुसऱ्या चंद्रासारखा, कशाचं कारण नसतो. निष्कर्ष काय निघाला? विषय म्हणजे ज्ञानातलाच आकार. तेव्हा कारणाच्या अटीला जपून हात घाला. ती अट धरून दिङ्नाग बाहेरचं जगच सोडून गेले.

शंकाकार : मी आकाराची अट टाकून दिली आहे. कारणाची तेवढी ठेवली आहे. बलकाचा आकार मला दिसत नाही, आणि मला तो नकोही आहे.

समर्थक : मग ही अट घेऊन घाटातच या. काम ऐन भरात होतं तेव्हा, 1861 मध्ये, तिथे 42,000 हून जास्त मजूर होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल यांचं नाव आपल्याला माहीत आहे. ते 1859 ला इथे येऊन थोड्याच दिवसांत वारले, आणि पत्नी अ‍ॅलिस ट्रेडवेल यांनी ठेका पुढे चालवला, हेही माहीत आहे. पटकीने आणि तापाने, सुरुंगाने, कड्यावरून पडून जे मजूर मेले त्यांची नावं कुठे आहेत? एकाचंही नाव आपल्या जिभेवर नाही. तुमच्या कारणाच्या अटीत ते अव्वल बसतात. प्रत्येक बोगदा, प्रत्येक कमानीचा पूल त्यांच्यामुळे आहे. आपण त्यातून जातो तेव्हा त्यांच्या हाताने कापलेल्या कातळाला लागून जातो. पण त्यांच्याबद्दल विचार करायचा तर मन कुठे टेकवायचं? नाव नाही, चेहरा नाही, एकट्यादुकट्याला वेगळा काढता येईल अशी एकही खूण नाही. म्हणजे घाटात एकीकडे नाव आहे आणि माणूस सापडत नाही, दुसरीकडे माणसं आहेत आणि नावं नाहीत. मला असं वाटतं की शिंग्रोबाच्या देवळात जो विचार जातो तो या दुसऱ्यांकडेच निघालेला आहे. त्यांना नाव नाही म्हणून तो त्याच्या नावाने जातो.

(संवाद लिहिताना दोघांनाही सारखं बळ द्यावं असा प्रयत्न असतो. पण समर्थकाचं हे शेवटचं वाक्य लिहिल्यावर मला ते फार सुंदर वाटलं, आणि म्हणूनच शंका आली. पुढचं बोलणं शंकाकाराचं आहे आणि इथे मी त्याच्या बाजूला आहे.)

शंकाकार : हे ऐकायला चांगलं वाटतं आणि ते करू नये. एका विषयाच्या जागी दुसरा ठेवून ‘रोख तिकडेच होता’ म्हणायचं, हे विचाराच्या बाबतीत चालत नाही. ट्रकवाल्याला मजुरांबद्दल विचारलंस तर तो म्हणेल, ते मला माहीत नाहीत, मी शिंग्रोबाला नमस्कार करतो. तू त्याच्या विचाराचा पत्ता त्याला न विचारता बदललास. मजुरांची दखल घ्यायची असेल तर सरळ मजुरांची घे. ‘ज्यांनी हा बोगदा कापला ते’ असं म्हण. नाव नसलं तरी वर्णन आहे, आणि इथे वर्णनामागे खरी माणसं आहेत.

आणि मी यावर एवढा अडून का बसलो आहे तेही सांगतो. हा तर्काचा हट्ट नाही. आपल्याच खालापूर तालुक्यात 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. 27 मृतदेह मिळाले, 57 जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबवला. त्या 57 जणांच्या घरचं कुणी मागे राहिलं असेल तर त्याचा विचार कुणाबद्दल आहे? ज्या माणसाबरोबर तो जेवला, त्या माणसाबद्दल. आज तो माणूस नाही. सोन्याचा डोंगरही नाही. माइनाँग म्हणतील दोन्ही विषयच, दोघांनाही असं असणं आहे, असणं तेवढं नाही. हे वाक्य मी वाडीतल्या माणसासमोर उच्चारू शकत नाही. उच्चारायला लाज वाटेल म्हणून नव्हे, ते चूक आहे म्हणून. जो होता आणि गेला, आणि जो कधी नव्हताच, यांच्यात विचाराच्या दृष्टीने सगळ्यात मोठी फट आहे. पहिल्याचं आपण काही देणं लागतो. त्याच्यावर अन्याय झालेला असू शकतो, त्याच्याशी खोटं वागता येतं. दुसऱ्याच्या बाबतीत यातलं काहीही शक्य नाही. ‘विषय असलाच पाहिजे असं नाही’ असं तू ज्या सहजपणे म्हणतोस त्यात ही फट बुजते.

समर्थक : ती फट मी बुजवणार नाही. तुमचं हे बोलणं मी जसंच्या तसं स्वीकारतो, आणि आधी जे मोघम बोललो ते आवरतं घेतो. मजुरांना शिंग्रोबाच्या नावाखाली घालणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा निनावी करणं, हेही खरं. पण आता माझा प्रश्न ऐका. ती फट कुणाला दिसते? वाडीतल्या माणसाला दिसते, कारण तो त्यांच्याबरोबर जगला. पण नागपूरला बसलेल्या कुणी बातमीत बेपत्तांच्या यादीतलं एक नाव वाचलं आणि त्याला हळहळ वाटली. त्याच माणसाने दुसऱ्या दिवशी शिंग्रोबाची गोष्ट वाचली आणि तशीच हळहळ वाटली. त्याच्या मनाच्या आतून बघा. दोन्ही विचारांना तोच रोख, तसाच उमाळा, एकेक नाव, एकेक घडलेली गोष्ट. आत कुठेही असा शिक्का नाही की हा विचार माणसापर्यंत पोचतो आणि हा पोचत नाही. तुमची साखळी बाहेर आहे. विचार करणाऱ्याला ती दिसत नाही. कोंडाण्याची ती ओळ उद्या कुणा विद्यार्थ्याने गंमत म्हणून कोरलेली निघाली असती, तर बलकाबद्दलचा तुमचा विचार आतून तसाच राहिला असता आणि बाहेरून कोसळला असता.

शंकाकार : म्हणजे ब्रेंटानोंचा एक पाया तूच काढून घेतोस हे ध्यानात येतंय ना? ते म्हणत की मनातल्या घडामोडींचं आपल्याला आतून होणारं ज्ञान निःशंक असतं. बाहेरच्या जगाबद्दल चूक होईल, पण मी अमुक गोष्टीचा विचार करतो आहे याबद्दल चूक होणार नाही. आता तू म्हणतोस की माझा विचार एका माणसाबद्दल आहे की एका गोष्टीबद्दल, हे मलाच ठाऊक नसू शकतं. आपल्याच विचाराच्या जातीबद्दल माणूस अंधारात असू शकतो.

समर्थक : हो, तेच म्हणतो. रोख आहे हे आतून कळतं. रोख कशावर लागला हे आतून कळत नाही. ब्रेंटानोंचं अर्धं ठेवतो, अर्धं सोडतो. मला वाटतं आपण दोघंही सुरुवातीपेक्षा इथे जास्त जवळ आहोत. आता एक कल्पना करा. रेल्वे कंपनीच्या जुन्या कागदांत उद्या एक नोंद सापडली: पाहणीच्या वेळी एका धनगराने वाट दाखवली, पुढे त्याला गोळी घातली गेली. मग गेली कित्येक वर्षं ट्रकवाले ज्याला नमस्कार करत आले तो हाच, असं तुम्ही म्हणाल ना?

शंकाकार : म्हणावं लागेल. त्याच्यापासून गोष्ट निघाली, तोंडोतोंडी आली, साखळी जुळली. आणि याची किंमत मला मोजावी लागते, तीही मान्य करतो. तो कागद आज कुठे पडलेला असेल तर आजचा नमस्कार आजच पोचतो आहे. म्हणजे ‘नमस्कार कुठेच जात नाही’ असं म्हणायचा मला अधिकार नाही. ‘कुठे जातो ते माहीत नाही’ एवढंच म्हणता येतं. पण तू सोयीचा कागद कल्पिलास. मी गैरसोयीचा कल्पितो. समज, नोंदी दोन सापडल्या. रस्त्याच्या वेळी एकाने वाट दाखवली. त्याला इनाम मिळालं आणि तो म्हातारा होऊन वारला. रेल्वेच्या वेळी दुसरा होता. तो सुरुंगात मेला, कुणी गोळी घातली नाही. दोघांपैकी एकाचंही नाव शिंग्रोबा नव्हतं. आणि नाव कुठल्यातरी तिसऱ्याचंच, साहेब येण्याच्या कितीतरी आधीपासून त्या खिंडीत शेंदूर लागलेल्या देवाचं. गोष्टीत तिघांचे धागे गुंतलेत. आता नाणं कुणाचं? माइनाँग म्हणेल, तिघांपैकी कुणाचंच नाही, गोष्टीत सांगितला तसाच्या तसा असलेला तो चौथा. माझी साखळी मागे जाऊन तीन ठिकाणी फुटते. नैयायिक तिघांचे गुण सुटे करून देतील आणि नमस्कार हातातच राहील. मला यातलं एकही उत्तर पटत नाही.

समर्थक : कारण आपण दोघांनीही पहिल्या वाक्यापासून एक गोष्ट न तपासता धरली आहे: एका विचाराच्या टोकाला एकच विषय. ब्रेंटानोंनी ती धरली, माइनाँगनेही. रसेलने तर ‘असा एक आणि एकच’ अशी अट वाक्यात बसवली. ती अट काढली तर? विचार तिघांबद्दल असू शकेल, कुणाबद्दल जास्त, कुणाबद्दल कमी.

शंकाकार : काढ. पण मग मला सांग, तो विचार चुकला असं कधी म्हणायचं? विषय एक असताना कसोटी होती: त्याला गोळी लागली की नाही? विषय तीन झाले की प्रत्येक विधान कुणाला ना कुणाला लागू पडेल. वाट दाखवली, पहिल्याला लागू. मेला, दुसऱ्याला लागू. देव आहे, तिसऱ्याला लागू. ज्या विचाराला चुकायची जागाच नाही तो कशाबद्दल आहे असं म्हणण्यात काय उरलं?

समर्थक : पूर्ण उत्तर नाही माझ्याकडे. पण मजुरांच्या बाबतीत ते जमतं, म्हणून आशा सोडत नाही. त्यांच्यातल्या एकाचाही मी एकेकट्याने विचार करू शकत नाही, तरी त्या सगळ्यांबद्दलचा माझा विचार चुकू शकतो. ते सगळे विलायतेहून आणले होते असं मी समजलो, तर मी चुकलो. त्यातला एकही मेला नाही असं समजलो, तर फारच चुकलो. म्हणजे अनेकांबद्दलचा विचार चुकू शकतो आणि बरोबरही असू शकतो.

शंकाकार : कारण तिथे सगळ्यांना बांधणारं एक काम आहे, बोगदा कापणं. तुझ्या तिघांना बांधणारं काय आहे? एक नाव, आणि तेही तिघांपैकी दोघांचं नसलेलं.

समर्थक : नाव आणि नमस्कार. नाव लोकांनी दिलं आणि लोक नमस्कार करत राहिले, हेही एक कामच आहे, फक्त ते आपल्या बाजूच्या टोकाला चाललंय. विषय बांधून ठेवायला तेवढं पुरतं का, की विषयाने स्वतःही काही केलेलं असावं लागतं, हे तुम्ही सांगा.

शंकाकार : बलकाने केलं होतं. मजुरांनी केलं होतं. ज्याच्याबद्दल सांगता येत नाही त्याच्यासाठी निराळा नियम करायला मी तयार नाही. आणि तो एकच नियम लावला तर घाटातल्या अर्ध्या नमस्कारांबद्दल मला काही बोलता येणार नाही, हेही मला दिसतं आहे.